गप्पीमास्तर

गप्पीमास्तर हे नाव ऐकून कुणालाही वाटेल, माणूस बोलका असणार. प्रत्यक्षात तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प. नाव पडलं ते गप्पी माशांवरून. हिवताप विभागातली त्यांची नोकरी. डासांच्या अळ्या खाणारे ते बोटाच्या पेराएवढे मासे बरणीत घेऊन मास्तर बांद्याहून एसटीने आमच्या रेडीला यायचे आणि विहिरींत सोडायचे.

आमची आई मासे विकणारी. विहिरीत मासे सोडणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. "जो खावक मेळणा नाय, तो मासो कसलो?" तिने तोंडावरच विचारलं. मास्तरांनी बरणी पाण्यात तिरकी केली आणि चालू लागले. पुढे दर आठवड्याला यायचे ते थेट विहिरीवर. वाकून बघत विचारायचे, "आसत?" मासे आहेत ना, एवढीच चौकशी. आई मुद्दाम सांगायची, कालच तिखल्याच्या रश्शात घालून खाल्ले. एखादा गप्पी स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत मास्तर हलत नसत.

दोन हजार आठच्या मे महिन्यात बाबा गोव्याच्या ट्रॉलरवरून परतले ते दिवसाआड हुडहुडी घेऊनच. मास्तरांनी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं. हिवताप निघाला. गोळ्या चौदा दिवसांच्या. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, तसं बाबांनी गोळ्या गुपचूप माडाच्या आळ्यात टाकायला सुरुवात केली. व्हायचं तेच झालं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, होड्यांना रंग लागले आणि बाबा पुन्हा तीन गोधड्यांखाली. या खेपेला ते इतके खंगले की आईचा धीर सुटला.

मास्तर रागावले नाहीत. "ताप गेलो म्हणान रोग जाणा नाय," एवढंच म्हणाले. चौदा गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज हजर. गोळी त्यांच्यासमोर घ्यायची, मग हुकूम व्हायचा, "आ करा." जीभसुद्धा उचलून दाखवावी लागे. आम्हा मुलांना हसू आवरत नसे.

आठव्या दिवशी होड्या सुटणार होत्या. बाबा जायचंच म्हणून हटून बसले. पहिली फेरी चुकवली तर होडीचा म्होरक्या, तांडेल, दुसरा गडी घेणार, हे आईलाही कळत होतं. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर होडीपर्यंत चालत गेले आणि उरलेल्या गोळ्या तांडेलाच्या हातात ठेवल्या. "रोज एक. मगे आ करूक लाव." तो आडदांड तांडेल भर समुद्रात बाबांच्या तोंडात डोकावत असे, हा किस्सा खलाशी अजून सांगतात. ताप मात्र परत आला नाही.

तेव्हापासून आई मास्तरांसाठी टोपलीतला सरंगा बाजूला काढायची. ते हात लावत नसत. "ड्यूटीर घेणय नाय. रिटायर झालंय काय घेतलंय." निवृत्त झाल्यावर घेणार, याची आईने खूणगाठ बांधून ठेवली.

पुढल्या मे अखेरीस ते निवृत्त झाले. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मासळीतला सर्वांत मोठा सरंगा पिशवीत घालून आई बांद्याला गेली. तिथे कळलं, मास्तरांना जाऊन नऊ दिवस झाले होते. सुतकाच्या घरात मासळी कशी देणार? ती तशीच परत आली.

सरंगा कापायला तिचा हात धजेना, तो शेजारी देऊन टाकला. एवढा अबोल माणूस आमचाच होऊन गेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी आई विहिरीवर गेली. बराच वेळ वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आसत, मास्तरानु. सगळे आसत."