दाजींच्या विमानातली टिकटिक

नव्वदच्या आसपास रामनगरात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लॉऱ्यांचे मेकॅनिक. मित्रांच्या मदतीनं त्यांनी एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. रविवारी ते झाडांच्या शेंड्यांवरून भणभणत जायचं आणि ते परत येईपर्यंत आक्काच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मोठ्या विमानांसारखी यंत्रं घ्यायची आमची ऐपत नव्हती. आक्कानं भंडावून सोडलं तेव्हा मी जुन्या रेडिओंच्या भागांतून एक डबी केली. ती विमानातून टिकटिक पाठवायची आणि खाली साध्या ट्रान्झिस्टरवर ती ऐकू यायची. ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू फिरवायचा. आवाज अगदी बुडाला, की त्याच्या लांबीच्या रेषेत विमान. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

एका रविवारी दुपार झाली तरी दाजी आले नाहीत. टिकटिक येत होती, पण रेषेला दोन टोकं असतात हे मला तेव्हा कुठं उमगलं. दाजी नेमके कुठल्या टोकाला? शेजाऱ्याची जीप मागून घेतली, आक्काला शेजारी बसवलं आणि दोन मैल पुढं जाऊन पुन्हा रेष धरली. दोन्ही रेषा कॅसलरॉकच्या बाजूला रानात मिळत होत्या.

"तम्मा, टिकटिक येतीया म्हंजे ते बरं हाईत न्हवं?" आक्कानं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. मी खोटं बोललो. सेल शाबूत असते तर ती डबी मढ्याशेजारीही टिकटिकली असती.

कच्च्या रस्त्याला लागलो आणि टिकटिक थांबली. मी ट्रान्झिस्टर आपटला, कानाला लावला. काही नाही. आक्कानं माझा दंड असा धरला, की नखं रुतली. मला तिच्याकडं बघवेना. जीप सोडून आम्ही शेवटच्या रेषेनं पळत सुटलो.

भात कापलेल्या शेतात पंख मोडून विमान पडलं होतं. दाजी बांधावर बसलेले, पाय सुजलेला, मांडीवर डबी.

"जीप ऐकली, म्हणून बंद केली," ते म्हणाले. "उगंच सेल कशाला जाळायचं?"

मी दाजींना कधी उलट बोललो नव्हतो. त्या बांधावर मात्र तोंडाला येईल ते बोलत सुटलो. भानावर येऊन थांबलो, तर आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बोल, तम्मा. आजून बोल."