अंगठ्याची जागा

दिग्रसच्या बसस्टँडमागे एक कारागीर लेथवर ॲक्रिलिकची पेनं घडवायचा. लेथ सुरू करण्याआधी खाली एक जुनं धोतर अंथरायचा. अर्धांगवायूनंतर माझ्या बायकोच्या बोटांतून पेन निसटायचं, म्हणून मी त्याला जाड पेन करायला सांगितलं. लेथवर कातताना ॲक्रिलिकच्या निळ्या कांडीचा टवका उडाला.

"राहू द्या, दुसरी कांडी घ्या," मी म्हणालो.

"टवका धोतरावरच हाये ना," म्हणत त्यानं तो शोधला, सुपरग्लूनं चिकटवला आणि फटीत त्याच कांडीचा भुगा भरला. मग जोड तेवढा सोडून सगळ्या पेनाला पॉलिश केलं.

"तो काहून सोडला?" मी विचारलं.

डोळे मिटून त्यानं जोडावरून अंगठा फिरवला. "वैनीच्या अंगठ्याले जागा सापडली पायजे."

बायको आता त्याच पेनानं सही करते. गुळगुळीत पेनं तिच्या हातातून अजूनही निसटतात.