कमरेएवढ्या उंचीवरची केबल

सास्तूरचा रामहरी वायरमन तसा तापट. कमलबाईंच्या घरची वायर उंदरांनी कुरतडली, म्हणून त्यानं पत्र्याच्या आवरणाची केबल आणली आणि छताजवळून न नेता भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर ठोकली.

"असली कुठली फिटिंग रं ही?" कमलबाई कुरकुरल्या.

"मावशी, मला शिकवू नका."

त्यानं अर्थिंग दोनदा तपासलं, एकेका क्लिपची धार कानशीनं घासली. मग कमलबाईंच्या मालकांना, दगडोबांना, बाजेवरून उठवलं. सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती. रामहरीनं त्यांचा हात केबलवर ठेवला. केबल चाचपत म्हातारा एकटाच स्वयंपाकघरातल्या बटणापर्यंत गेला. बटण दाबलं.

"अगं, पडला का उजेड?"

"व्हय, पडला," म्हणत कमलबाईंनी रामहरीसाठी चहाचं आधण ठेवलं.