सहापर्यंत मोजायचं

बोगद्यातून गाडी बाहेर पडली की माझा मुलगा मनातल्या मनात सहापर्यंत मोजतो. हे कळल्यापासून मीही मोजते. भांडी घासताना, जिना चढताना. चारनंतर घाईघाईनं सहा गाठते. त्याच्या घाटात असे नऊ बोगदे आहेत.

तो परदेशात, डोंगराळ भागात, पर्यटकांची बारा सीटची गाडी चालवतो. लहानपणी त्याला सगळे पायलट म्हणत. कुठल्याही गाडीत ड्रायव्हरच्या शेजारीच बसणार, मागे बसवलं की उलटी. "जन्मताच हातात स्टिअरिंग दिलं असतं तर यानं दूधसुद्धा मागितलं नसतं," असं त्याचे बाबा म्हणायचे.

डावा डोळा मात्र पहिल्यापासून अधू. डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर सहा महिने पट्टी बांधायला सांगितली होती, म्हणजे अधू डोळा कामाला लागेल. पोर भिंतीवर आपटायचं, रडायचं. तिसऱ्या आठवड्यात मीच पट्टी काढून टाकली.

पुढे तो लायसन्सच्या वयाचा झाला. मी चष्म्याच्या दुकानात नोकरीला होते, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता दिवसभर डोळ्यांपुढे. लायसन्सच्या तपासणीलाही तोच तक्ता असे, म्हणून तो मी त्याच्याकडून पाढ्यांसारखा म्हणवून घेतला. कपडे वाळत घालता घालता विचारायचे, "पाचवी ओळ, उलटी." तो घडाघडा म्हणायचा. उजवा डोळा ठणठणीत होता. एका डोळ्यावर लोक आयुष्य काढतात, असं मी मनाला सांगितलं. परदेशातल्या नोकरीसाठी तपासणी झाली तेव्हा त्यानं हसत फोन केला. "आई, इथंही तोच तक्ता. तुझी शिकवणी सातासमुद्रापार पोचली."

गेल्या महिन्यात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, त्यानं मला तिकडे बोलावलं. रिकामी गाडी घेऊन आम्ही दोघं तीन दिवस त्याच्या नेहमीच्या रस्त्यानं फिरलो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली कुठेतरी नदी. त्याला रस्ता तोंडपाठ होता.

"आता दगडी पूल. मग अकरा वळणं. मग गोठा. गोठ्यापाशी हॉर्न."

"किती रे लक्षात ठेवतोस."

"तुझाच मुलगा."

मला बरं वाटलं. तेवढ्यात डाव्या कडेनं एक सायकलवाला आला आणि गाडी त्याच्याकडेच सरकायला लागली. "अरे, सायकल," मी म्हणाले. त्यानं चाक फिरवलं. "दिसला गं," म्हणाला. पण पुढची दोन वळणं तळहात पँटला पुसत राहिला.

संध्याकाळी खानावळीत मी मिठाची बाटली मुद्दाम त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली. त्यानं समोर शोधली, उजवीकडे शोधली, मग वेटरला हाक मारली. मी बाटली उचलून हातात दिली. दोघंही जेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच बोगद्यातून बाहेर पडलो आणि त्याचे ओठ हलताना दिसले. पुढच्या थांब्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "दीड वर्ष होईल. उजव्यातही कडेनं अंधार येतोय. गेलेलं परत येत नाही म्हणतात. थेंब घालायचे आणि आहे ते टिकवायचं."

"आणि बोगद्यानंतर?"

"सगळं पांढरं होतं. सहापर्यंत मोजलं की रस्ता येतो."

"नाही आला तर?"

"आजवर आलाय ना."

"सोड ही नोकरी."

"सोडून काय करू, आई? दुसरं काय येतं मला?"

तो अडतीस वर्षांचा आहे. लग्न केलं नाही, घर केलं नाही, गाडी तेवढी केली.

तिसऱ्या दिवशी त्यानं मोबाइल पुढे केला. आठवड्याभरात दोन्ही डोळ्यांची तपासणी होती आणि यंदा तक्ता बदलला होता. कुणा सोबत्यानं फोटो काढून दिला होता. "म्हणवून घेशील?" त्यानं विचारलं. मान खाली, लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करायचा तशी.

आणि मी म्हणवून घेतलं. उभ्या गाडीत, तास-दीड तास. पाचवी ओळ, उलटी. दोनदा चुकला, मी पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी सगळं बिनचूक आलं तेव्हा मी शाबास म्हणाले. तो शब्द मी कुठे ठेवू?

निघताना त्याच्या गाड्यांच्या कंपनीची मालकीणबाई मला भेटायला आली होती. तिनं कचेरीचा नंबर लिहून दिला, काही लागलं तर कळवा म्हणाली; तिचं बोलणं तोच मला मराठीत सांगत होता. "तुमच्या मुलाच्या गाडीत मी माझ्या आईला बसवते."

तो तपासणीत पास झाला. उद्या हंगामाची पहिली फेरी, अकरा माणसं. आज मी फोनवर पुन्हा विनवण्या केल्या. "आई, तू तिकडून मोजू नकोस, मी आहे ना मोजायला," असं म्हणून तो हसला आणि त्यानं फोन ठेवला.

त्याच्या बाबांना मी काय करणार ते सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "तू त्या बाईंना कळवलंस तर तो पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही."

"माहीत आहे."

"पट्टीचंही सांगणार?"

"त्याचं त्यांना काय. तक्त्याचं सांगेन."

परक्या भाषेतली चार वाक्यं मी पाठ केली आहेत, मध्येच रडू आलं तरी पुढचं वाक्य तोंडी यावं म्हणून. मालकीणबाई तिकडच्या घड्याळात पहाटे साडेपाचला कचेरी उघडते. तो पावणेसहाला निघतो, आणि पहिला बोगदा गावाबाहेरच आहे. पंधरा मिनिटं मिळतील. मी त्याला नाही, तिला फोन करणार आहे.