तीन मिनिटांची अन्यभाषा

नाताळच्या नाटकात मी सलग चार वर्षं हेरोद राजा झाले. मुलगी असून. माझ्याएवढा आवाज आमच्या मंडळीतल्या एकाही मुलाला नव्हता, आणि बेथलेहेमची बाळं मारण्याचा हुकूम मी इतक्या आनंदाने द्यायचे की पहिल्या रांगेतली लेकरं खरोखर रडायची. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचं फार नवल वाटणार नाही.

आम्ही तेव्हा कोराडीला राहायचो, वीज केंद्राच्या कॉलनीत. बाबा बॉयलरवर होते. दोरीवरचा कपडा आधी झटकून राख उडवायची आणि मग घडी घालायची, ही तिथली सवय. आज रामदासपेठेत सातव्या मजल्यावरही मी टॉवेल झटकते, आणि नवरा विचारतो, काय झटकून राहिली? रविवारी बसने शहरातल्या चर्चला जायचं आणि दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये प्रार्थनासभा. सतरंज्या शेजारच्यांच्या, पेटी आमच्या आईची. शेवटी चहा आणि कच्च्या पोह्यांचा चिवडा. त्या चिवड्यासाठी मी कितीही लांब प्रार्थना डोळे मिटून सोसली आहे.

मी बारावीत असताना बाहेरगावचे एक बंधू सभेत शिकवायला येऊ लागले. माणूस गोड. त्यांचं म्हणणं असं की, ज्याला पवित्र आत्मा मिळाला तो अन्यभाषेत, म्हणजे कधीच न शिकलेल्या भाषेत, प्रार्थना करतोच. ज्याला ते येत नाही त्याने आपलं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं आहे का, हे एकदा तपासून पाहावं. 'तपासून पाहावं' हे ते अगदी हळू म्हणायचे. त्यामुळेच धडकी भरायची.

मग एकेक जण बोलू लागला. त्यातल्या काहींचं खरं होतं असं मी आजही मानते. मला चेष्टा करायची आहे ती फक्त माझी. आईला तर दोन कृपादानं मिळाली: अन्यभाषा, आणि दुसऱ्याच्या अन्यभाषेचा अर्थ सांगणं. ती पेटीवरचा हात उचलून अर्थ सांगायला लागली की अख्खी सभा श्वास रोखायची.

राहिलो आम्ही दोघं, मी आणि बाबा. बाबांना चार माणसांत मराठीतही प्रार्थना करता यायची नाही. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा ते मनात करायचे, आणि ती संपली हे आम्ही त्यांच्या खाकरण्यावरून ओळखायचो.

एका गुरुवारी बंधू माझ्याजवळ थांबले. डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. आता सांगा, चार वर्षांचा हेरोद गप्प कसा बसेल? शेजारच्या तेलुगू काकू पोरांवर ओरडायच्या तो सूर घेतला, त्यात राजाचा भारदस्तपणा मिसळला, शेवटी दोन हुंदके टाकले. पुरी तीन मिनिटं. हालेलूयाचा नुसता गजर. मी एक डोळा किंचित उघडून पाहिलं, तर आई उठून उभी राहिलेली. ती अर्थ सांगत होती.

"प्रभू म्हणतो, या घरात एक मनुष्य तोंड मिटून बसला आहे. माझं दार बंद होण्याआधी त्याने तोंड उघडावं."

सभा त्या दिवशी आमच्याच क्वार्टरमध्ये होती. बाबा सतरंजीच्या टोकावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्या संध्याकाळी मी चिवड्याची बशी भरलेलीच परत ठेवली.

त्यानंतरचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा. भाकरीच्या तुकड्यांची थाळी आमच्या बाकावर आली. बाबांनी ती घेतली आणि स्वतः काही न घेता मला दिली. पेल्यांचा ट्रेही तसाच पुढे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा. ज्याचं तारण झालं त्याने प्रभुभोजन घ्यायचं, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं.  

मी आठ दिवस काढले. मग बाबा सकाळच्या पाळीवरून येऊन व्हरांड्यात बूट काढत होते तेव्हा मी सगळं ओकले. काकूंचा सूर, हेरोद, हुंदके. त्यांनी दुसरा बूट शांतपणे काढला.

"काहून केलं वं असं?"

"सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते, बाबा."

मला वाटलं होतं, आता त्यांना हायसं वाटेल. पण ते म्हणाले, तुझं खोटं होतं म्हणून माझं खरं कसं होते? मले तं येतच नाही. मग त्यांनी आतून शास्त्र, म्हणजे बायबल, आणायला सांगितलं. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र मी वाचायला घेतलं, कृपादानांचा भाग. या वेळी कुठलाही सूर न लावता. कुणाला काय दिलं आहे, एका शरीराचे अवयव कसे वेगवेगळे, हे सगळं झालं. मग सगळेच अन्यभाषा बोलतात काय, असं पौल विचारतो तिथे आले, तर ते म्हणाले, पुन्हा वाच. मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचणार तेवढ्यात बाबा बोलले. एवढं लांब मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

"आमच्याकडे गेटपास आधी देतात, ड्यूटी मागून लावतात. कोणी कंट्रोल रूममध्ये, कोणी कोळशावर. ड्यूटी पाहून गेटपास नाही देत कोणी." बूट भिंतीशी सरळ लावत म्हणाले, "बंधूनं उलटं केलं थे."

आता आईला सांगायचं उरलं होतं. बाबांनी माझ्या वतीने काही सांगितलं नाही, फक्त स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आईने ऐकलं आणि गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची. रागावली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांसमोर उठून म्हणाली की त्या दिवशी मी अर्थ म्हणून जे बोलले ते प्रभूचं नव्हतं, किती वर्षांचं माझ्याच मनात साठलेलं होतं. त्यानंतर मीही उभी राहिले. माझा तो प्रसिद्ध आवाज मागच्या भिंतीपर्यंतही गेला नाही. बंधूंनी घाईने पुढच्या गीताचा नंबर सांगितला, पण पेटी वाजवायला आईचे हात उठेनात.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाकावर मी, मग बाबा, मग आई. थाळी आली. बाबांनी तुकडा घेतला आणि थाळी आईपुढे धरली. आईने हात मांडीवरच ठेवले आणि पलीकडे सरकवा अशी मान हलवली. बाबांनी सरकवली नाही. पलीकडची बाई हात पुढे करून थांबलेली, थाळी वाटणारे मंडळीतले ज्येष्ठ खोकून इशारा करत होते. बाबा हलले नाहीत.

"मी देवाच्या नावानं खोटं बोलली जी," आई पुटपुटली.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. आणि चर्चमध्ये ज्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता ते, चार बाकांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "घे वं."

आईने घेतला.