व्हिएन्नातला एक दिवस आणि आमचा हरवलेला रविवार

नोकरी गेल्यावर कोणी युरोप फिरायला जात नाही. आम्ही गेलो, कारण तिकिटं आधीच काढलेली होती.

२००८च्या दिवाळीच्या आसपास, दुबईला मंदीची झळ लागणार नाही असं सगळेच छातीठोकपणे सांगत होते तेव्हा, मी मोठ्या हौसेने ही सहल आखली. दुबई ते म्युनिक, तिथे नणंदेकडे तीन दिवस, मग रात्रीच्या ट्रेनने व्हिएन्ना, तिथे एक दिवस आणि संध्याकाळच्या विमानाने परत. तिकिटं स्वस्त होती, कारण रद्द केल्यास एक दिरहमसुद्धा परत मिळणार नव्हता. फेब्रुवारीत दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या माझ्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, कंपनीने अर्धा मजला रिकामा केला आणि त्याच्याही हातात नोटीस पडली. युरोपचा शेंगेन व्हिसा तोवर पासपोर्टवर चिकटला होता.

"जाऊन येऊ," श्रीरंग म्हणाला. "नाहीतर आयुष्यभर म्हणत बसू, की तिकिटं होती आणि गेलो नाही."

मार्चअखेर आम्ही निघालो तेव्हा बॅगांपेक्षा जड एक प्रश्न बरोबर होता. श्रीरंगला उम्म अल कुवैन या छोट्या अमिरातीतल्या एका पॅकेजिंग फॅक्टरीत स्टोअर सांभाळायची नोकरी मिळत होती. पगार बराच कमी, हुद्दाही खालचा. उत्तर सोमवारी द्यायचं होतं, म्हणजे आम्ही परत उतरणार त्याच दिवशी. दुसरा रस्ता म्हणजे आमचं दुबईजवळच्या अजमानचं बिऱ्हाड आवरून पुण्याला जाणं. श्रीरंगचा कल पुण्याकडे होता. "शेवटी आपण तिथलेच," हे त्याचं पालुपद. आमची तन्वी चौदा वर्षांची, जन्म अजमानचा, पुणं तिच्यासाठी सुट्टीत जायचं गाव. हा विषय निघाल्यापासून तिने बाबाशी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. 'फाइन' आणि 'ओके' यांपलीकडे शब्द नाही. मी मात्र रोज सकाळी एका बाजूला आणि रात्री दुसऱ्या.

म्युनिकचे तीन दिवस नणंदेच्या हातचा वरणभात खाण्यात आणि बाहेरच्या थंडीला नावं ठेवण्यात गेले. आता व्हिएन्नाचं नियोजन ऐका, कारण त्याचा मला फार अभिमान होता. शुक्रवार-शनिवार म्हणजे सुट्टी, सगळीकडे तोबा गर्दी. म्हणून मी मुद्दाम रविवार निवडला. कामाचा दिवस, लोक ऑफिसात, दुकानं उघडी, रस्ते आपलेच. ज्यांना हे वाचून आत्ताच हसू आलं, त्यांनी जरा दम धरावा. स्टेशनवर सोडायला आलेली नणंद म्हणाली, उद्या रविवार, निवांत फिरा. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या.

ट्रेनमध्ये सहा बर्थचा डबा होता, आपल्या थ्री टिअरसारखाच, फक्त चादरी पांढऱ्याशुभ्र. सकाळी व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफ स्टेशनवर उतरलो. स्टेशनचं काम चालू होतं, पत्रे ठोकलेले, पण सामान ठेवायचे लॉकर सापडले. एका दिवसात शहर बघायचं असेल तर सामान आधी लॉकरमध्ये टाका, हा माझा पहिला सल्ला. दुसरा सल्ला, मेट्रो, ट्राम, बस सगळ्यांना चालणारं दिवसभराचं तिकीट काढा. तेव्हा ते पावणेसहा युरोच्या आसपास होतं, म्हणजे अठ्ठावीस दिरहम, म्हणजे पावणेचारशे रुपये. हा हिशेब मी मोठ्याने केला आणि तन्वी दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी मात्र तिच्याकडे बघून सांगितलं, आज रविवार आहे, मुलीला तिकीट नको, पासपोर्ट जवळ असू द्या. आम्हाला आनंद झाला. रविवारी मुलं फुकट का, हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात आला नाही.

तीन नंबरची मेट्रो थेट स्टेफान्सप्लाट्झला नेते. सरकत्या जिन्यावरून वर आलं की समोर एकदम ते अवाढव्य कॅथेड्रल उभं. त्याच्या छपरावर रंगीत कौलांची नक्षी आहे, थेट आजोळच्या सतरंजीसारखी. आत प्रार्थना चालू होती. पर्यटकांना मागेच थांबवत होते, पण उभं राहायला कोणाची हरकत नव्हती. ऑर्गन सुरू झाला आणि त्याचा आवाज पायाखालच्या फरशीतून वर आला. श्रीरंग डोळे मिटून उभा होता. गेला महिनाभर त्याच्या कपाळावर असलेली आठी त्या पाच-दहा मिनिटांपुरती गेली. मला त्या अनोळखी लोकांच्या देवाचे मनापासून आभार मानावेसे वाटले, आणि मी मानले.

बाहेर ग्राबेन नावाचा रुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना राजेशाही इमारती आणि माणसं तुरळक. "बघा," मी म्हटलं, "कामाचा दिवस निवडला म्हणून." पुढे एका दिव्याच्या खांबाला वर्तमानपत्रांची प्लास्टिकची पिशवी अडकवलेली दिसली. शेजारी छोटा डबा, नाणं टाका आणि पेपर घ्या, लक्ष ठेवायला कोणी नाही. श्रीरंगला हा प्रकार फार आवडला. तो कितीतरी वेळ त्या खांबापाशी रेंगाळला.

माझ्या नियोजनाचा गाभा होता नाशमार्क्ट, तिथला जुना प्रसिद्ध बाजार. बरोबरच्या दशम्या ट्रेनमध्येच संपल्या होत्या. बाजारात ताजा पाव, चीज, ऑलिव्ह, फळं घ्यायची, बाकावर बसून खायची आणि हॉटेलचा खर्च वाचवायचा, असा बेत. चार नंबरच्या मेट्रोने केटेनब्र्युकेनगासे स्टेशनला उतरलो आणि बघतो तर काय, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी शटरं खाली. वारा बोचरा, पोटात कावळे, आणि बाजारात चिटपाखरू नाही.

"कोणीतरी मोठं माणूस गेलं असणार," श्रीरंग गंभीरपणे म्हणाला. "सरकारी दुखवटा."

मला संप वाटत होता. आजूबाजूच्या रस्त्यांवरची किराण्याची दुकानंही बंद होती, त्यामुळे माझा संपावरचा विश्वास वाढला. अमिरातीत शुक्रवारीसुद्धा नमाजानंतर सगळं उघडतं. भर दुपारी अख्खं शहर बंद ठेवायला कारणही तसंच हवं.

शेवटी एका कोपऱ्यावर पिझ्झा आणि फलाफल विकणारी टपरी उघडी दिसली. आतला माणूस पन्नाशीचा, जाड मिश्यांचा, फोनवर अरबीत बोलत होता. श्रीरंगने इंग्रजीत विचारलं, कोण वारलं? त्या माणसाला काही कळेना. त्याने फोन ठेवला आणि आम्हाला विचारलं, तुम्ही कुठले?

श्रीरंग म्हणाला, इंडिया. मी त्याच वेळी म्हणाले, दुबई, कारण अजमान कोणाला माहीत नसतं. मग तन्वी पुढे झाली. शाळेत इतकी वर्षं अरबी सक्तीचं, पण आमच्यासमोर ती ते कधी बोलायची नाही.

"मिन अजमान," ती म्हणाली. अजमानहून.

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. तो इजिप्तचा होता आणि व्हिएन्नाला यायच्या आधी बरीच वर्षं शारजाच्या एका कॅफेटेरियात होता. अजमानच्या समुद्रावर तो शुक्रवारी पोहायला जायचा. तन्वीशी त्याचं भराभर अरबी सुरू झालं. ती अडखळत होती, तो हसून शब्द पुरवत होता. गेल्या महिन्यात ती आमच्याशी जेवढं बोलली नव्हती, तेवढं त्याच्याशी बोलली. मग तिने आमच्या दुखवट्याबद्दल सांगितलं असावं, कारण तो काउंटरवर हात आपटून हसायला लागला.

"माय सिस्टर," तो मला म्हणाला, "टुडे संडे. हिअर संडे एव्हरीथिंग खलास."

"हो, संडे," मी म्हटलं. "म्हणजे कामाचा..."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी श्रीरंगकडे बघितलं. त्याच्याही पडला होता. रविवारी तेल लावून अंघोळ केलेली, रविवारच्या सुट्टीची आठवडाभर वाट बघितलेली पुण्यातली दोन माणसं, आणि शुक्रवार-शनिवार सुट्टीच्या अमिरातीत राहून आमच्या डोक्यातून रविवार पुसून गेला होता.

तो इजिप्शियन अजून हसत होता. इथे आल्यावर पहिल्या वर्षी तोही दर रविवारी कुठल्यातरी बंद दारापुढे ताटकळायचा, असं त्याने सांगितलं. बायको चिडायची. "ओन्ली अवर पीपल मेक धिस मिस्टेक," तो म्हणाला. "पीपल फ्रॉम देअर."

त्याने तीन फलाफल रोल बांधले, पैसे घेतले, पण वर पुदिन्याचा चहा स्वतःकडून पाजला. चहाचे पैसे द्यायला गेलो तर हबीबी म्हणून हात धरला. त्यानेच सुचवलं, की याच मेट्रोने पुढे शोनब्रुनला जा. राजवाड्याच्या आत तिकीट आहे, पण बाग फुकट आहे आणि रविवारी अख्खं व्हिएन्ना तिथे फिरायला येतं. एका दिवसासाठी जाणाऱ्यांना मीही तेच सांगेन. महाल एकवेळ राहू द्या, बाग सोडू नका.

आणि खरंच, बंद शहरातली सगळी माणसं तिथे होती. बाबागाड्या, काठ्या टेकत चालणारी जोडपी, कुत्री, पोरं. कोणालाही कसली घाई नव्हती. झाडांना नुकती पालवी फुटत होती. बागेच्या टोकाला टेकडीवर एक मोठी कमानदार इमारत आहे, तिला ग्लोरिएट म्हणतात. चढ सोपा आहे, फक्त मला मधे दोनदा फुलं बघायला थांबावं लागलं, म्हणजे धाप लागली. वरून पिवळा राजवाडा, त्यामागे सगळं शहर आणि सकाळी पाहिलेल्या कॅथेड्रलचा सुळका दिसत होता.

आम्ही पायरीवर बसून थंडगार झालेले रोल खाल्ले. श्रीरंग अधूनमधून स्वतःशीच हसत होता. "सरकारी दुखवटा," असं पुटपुटायचा आणि पुन्हा हसायचा.

तन्वी हसत नव्हती. ती समोर बघत म्हणाली, "बाबा, यू ऑल्वेज से आपण पुण्याचे. यू डोन्ट इव्हन नो व्हेन संडे इज."

मग ती मराठीत बोलली, आणि ती मराठीत बोलते तेव्हा मला भीती वाटते, कारण ते फार आतून आलेलं असतं.

"तुम्ही दोघं तिथले नाही राहिलात. मी तर कधीच नव्हते. मला नवा फोन नको, स्कूल बदलली तरी चालेल, लहान घर चालेल. पण घरी राहू या ना."

घरी, असं ती म्हणाली. मी पहिल्यांदाच कुठल्यातरी एका बाजूला गेले. मी म्हटलं, मलाही घरीच राहायचंय, आणि घर म्हटल्यावर मला आपल्या गॅलरीतून दिसणारी मशीद आणि खालचा मल्याळी किराणावाला दिसतो. हे मी स्वतःलाही तोवर सांगितलं नव्हतं.

"हुद्दा खालचा आहे गं," श्रीरंग म्हणाला. लाज त्या हुद्द्याचीच होती, पुण्याची ओढ हे तिचं पांघरूण होतं. त्याने ते इतक्या साधेपणाने सांगितलं, की माझे डोळे भरून आले.

तन्वीने आपल्या रोलचा उरलेला अर्धा तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला. त्या टेकडीवर यापेक्षा जास्त काही घडलं नाही.

परतीची माहिती थोडक्यात. वेस्टबानहोफहून विमानतळाला थेट बस जाते, तेव्हा माणशी सहा युरो होते, म्हणजे तीस दिरहम, म्हणजे चारशे रुपये. या वेळी हिशेब तन्वीने केला, मोठ्याने आणि माझी नक्कल करत. बसच्या खिडकीतून बंद दुकानांच्या रांगा दिसत होत्या. मी एकही वस्तू विकत न घेता युरोपातून परत येत होते, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी टॅक्सी शारजातून अजमानकडे निघाली. रस्त्यालगत अर्ध्यावर थांबलेल्या इमारती होत्या, क्रेन हलत नव्हत्या. श्रीरंगने फोन लावला. "यस, आय विल जॉइन. इन्शाल्ला, संडे," एवढंच तो बोलला. मागच्या सीटवर तन्वीने माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. आम्ही लहान फ्लॅटमध्ये आलो, पण इमारत तीच, गॅलरीतली मशीद तीच. सिलिकॉन ओएसिसला जाताना श्रीरंगची अर्धी हयात ट्रॅफिकमध्ये जायची. उम्म अल कुवैन उलट्या दिशेला आहे, रस्ता मोकळा असतो, संध्याकाळचा चहा तो घरी घेतो. व्हिएन्नाने आम्हाला काय दिलं असं कोणी विचारलं तर मला महाल आठवत नाहीत. बंद शटरं आठवतात, आणि तो पुदिन्याचा चहा. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, तरी त्याला आमचा दुवा पोचत असेल अशी माझी खात्री आहे. आणि ज्या देशाने आमचा रविवार कधी आपलासा करून घेतला हे कळूही दिलं नाही, त्याच्याबद्दल आता पूर्वीसारखं 'अजून दोन वर्षं, मग परत जाऊ' म्हणवत नाही.

नव्या नोकरीचा पहिला दिवस मात्र सांगितलाच पाहिजे. श्रीरंग इस्त्रीचा शर्ट घालून, डबा हातात घेऊन दारात उभा होता. कितीतरी दिवसांनी घरातून सकाळी दोन डबे निघत होते. तन्वी दप्तर पाठीला लावून आली, बुटांची नाडी बांधत वर बघून म्हणाली, "बाबा, आज संडे."

"हो ना," श्रीरंग म्हणाला. "देवाच्या कृपेने कामाचा दिवस. यल्ला, चला."