इथे फक्त कबड्डी

आमच्या गावच्या कबड्डी संघाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि त्याची ॲडमिन मी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. दिवसभर काजूच्या कारखान्यात बायकांची हजेरी लिहायची आणि घरी आल्यावर चारशे लोकांची तोंडं सांभाळायची, असं माझं आयुष्य झालं आहे.

मला ॲडमिन करण्यामागे गावाचा हिशोब होता. पावस गावाच्या अलीकडे आमचं गाव, त्याच्या दोन वाड्या, वरची आणि खालची. संघात पोरं दोन्हीकडची. ग्रुप वरच्याने चालवला की खालचे रुसणार, खालच्याने चालवला की वरचे. मी जन्मले वरच्या वाडीत, दिली खालच्या वाडीत. शाळेच्या संघातून चढाया केलेल्या, म्हणजे खेळ कळतो. शिवाय गावाला कबड्डी शिकवली ती माझ्या वडिलांनी. शाळेमागच्या कातळावर डोक्यावरून माती वाहून त्यांनी मैदान केलं. ते गेल्यापासून त्यांच्या नावाने दरवर्षी स्मृतिचषक होतो. "ती दोन्हीकडची हाय, तिलाच करा," असं गावच्या बैठकीत ठरलं, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

नियम एकच केला. इथे फक्त कबड्डी. सामना कधी, स्कोअर काय, कुणाचा गुडघा गेला, एवढंच. राजकारण आलं की पुसणार, मग तो कुणीही असो. शेवटचे चार शब्द मी कुणाच्या सांगण्यावरून घातले होते कोण जाणे.

तीन वर्षं सुखाची गेली. मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वरच्या वाडीच्या पॅनेलमधून माझा धाकटा भाऊ उभा राहिला आणि खालच्या वाडीच्या पॅनेलमधून माझा दीर. मुंबईतल्या आमच्या चाकरमान्यांना तर ऊत आला. इथल्या पाण्याच्या टाकीचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, पण तिथे बसून काडी लावायला त्यांना वेळच वेळ. सकाळी डब्याची पोळी लाटताना प्रचाराचा एक मेसेज पुसावा, तर कारखान्याच्या फाटकापर्यंत सात आलेले. वरच्यांचा पुसला की "सासरचं मीठ खाल्लंय," आणि खालच्यांचा पुसला की "शेवटी भावाचीच बहीण." माझ्या मागे तर सोडाच, माझ्या समोर बोलायचे.

सोडून द्यायचा विचार केला नाही असं नाही. पण एकटा ॲडमिन बाहेर पडला की मोबाइल आपणच कुणालातरी ॲडमिन करतो, असं कारखान्यातल्या एकीने सांगितलं. म्हणजे चारशेतला कुठलाही नग. दुसरा ॲडमिन नेमावा म्हणून मी नावं सुचवली, तर दरेक नावाला एका वाडीचा नकार. शिव्या मला घालायच्या आणि मला हलूही द्यायचं नाही, यावर मात्र दोन्ही वाड्यांचं एकमत होतं.

अशात स्मृतिचषकाची तारीख जवळ आली. भावाने बॅनर करून ग्रुपवर टाकला. आपल्याकडचा बॅनर कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर पुढाऱ्यांच्या गोल गोल फोटोंची रांग, खाली हात जोडलेला उमेदवार, आणि मध्ये कुठेतरी बारीक अक्षरात सामने. त्या वरच्या रांगेत बरोबर मधोमध वडिलांचा फोटो होता, हार घातलेला.

खालच्या वाडीतून लगेच बोंब. "ॲडमिन झोपली काय?" बॅनर पुसला तर चिपळूणहून येणाऱ्या संघांना वेळापत्रक कळणार नाही. मी तो मोबाइलवरच कापला. खालून भाऊ कापला, वरून पुढारी कापले, मधलं वेळापत्रक ठेवलं आणि परत टाकलं. जेवणाच्या सुट्टीत, पाच मिनिटांत.

वरची रांग कापताना वडील गेले. गडबडीत दिसलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे दिसलं होतं. कापायची चौकट मी दोनदा वरखाली करून पाहिली. ते राहिले की बाजूचे दोन पुढारी अर्धे अर्धे राहत होते.

संध्याकाळी भाऊ दारात आला. माझ्या सासरच्या घरात निवडणूक लागल्यापासून त्याने पाय ठेवला नव्हता. तेव्हाही ठेवला नाही, अंगणातच उभा राहिला.

"ताय, मना कापलंस, कबूल. बापाशीला कापलंस तू?"

मी म्हटलं, "मग त्यांना पुढाऱ्यांच्या रांगेत बसवलंस कशाला तू?"

तो वळला. मी बरोबर बोलले होते आणि मला लाज वाटत होती. चहा विचारायचं सुचलं तोवर तो पाणंदीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ग्रुपवर एकच फोटो टाकला. वडील, चड्डी-बनियनवर, मैदान सारवताना. खाली एक अक्षर नाही. मला भरून आलं. हा कसा पुसणार? आणि का पुसू?

माझा नवरा शेजारी चहा पीत होता. त्याने मोबाइल पाहिला. "हा पण प्रचारच गो. उमेदवाराचा बापूस हाय तो."

"माझा पण आहे, अहो."

"म्हणून तर ठेवलायस."

हे त्याने भांडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. तो सहज म्हणाला आणि उठून गेला.

मी फोटो ठेवला. तासाभरात खालच्या वाडीतून एक फोटो आला. माझे सासरे, पांढरी टोपी घालून, दिराने टाकलेले. मग तिसरा, मग दहावा. दोन्ही वाड्यांनी आपापले मेलेले बाप बाहेर काढले. काही खरंच संघातून खेळलेले, काहींनी जन्मात मैदानाकडे पाहिलं नव्हतं. कुणी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला, कुणी रेशनकार्डावरचा. खाली हार आणि जोडलेले हात. मग मोजणी सुरू झाली, वरच्यांचे किती, खालच्यांचे किती. एकाने दुसऱ्याच्या बापाची दारू काढली. त्या दोघांची पोरं आमच्या संघात डावा आणि उजवा कोपरा खेळतात. परवा सामन्यात एकमेकांच्या भरवशावर पकड करायची होती त्यांना.

मी कारखान्याच्या मागे काजूच्या बोंडांच्या वासात उभी राहिले. सगळे पुसायचे किंवा सगळे ठेवायचे. ठेवले तर संघ मोडणार होता. एकाला ठेवून बाकीचे पुसले, तर नवरा म्हणाला ते खरं ठरत होतं.

सुरुवात मी माझ्या बापापासून केली. मोबाइलने विचारलं, सगळ्यांसाठी पुसायचं का. बोट टेकवलं. मग सासरे, मग ओळीने बाकीचे. एकही सुटू दिला नाही. शेवटी लिहिलं, इथे फक्त कबड्डी.

दोन्ही वाड्यांचे अंगठे आले. "ॲडमिन असावी तर अशी," मुंबईहून कुणीतरी लिहिलं. भाऊ ग्रुपमधून गेला नाही, पण त्याने मला फोन करणं बंद केलं. आई फोनवर हळू आवाजात बोलायला लागली, म्हणजे तो घरात आहे हे मला कळायचं.

संघ मात्र टिकला. स्पर्धेला दोन्ही कोपरे मैदानात होते. उद्घाटनाला टेबलावर वडिलांचा फोटो मांडलेला. दरवर्षी हार भाऊ आणि मी मिळून घालतो, एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. यंदा तो एकटाच पुढे झाला. हार एका बाजूने घसरत होता, तो परत परत नीट करत होता.

मी रेषेबाहेर मोबाइल घेऊन उभी होते. उद्घाटनाचा फोटो ग्रुपवर टाकणं माझं काम. चौकटीत बाप होता आणि बापासमोर हात जोडलेला उमेदवार होता. मी मोबाइल खाली घेतला आणि पहिल्या सामन्याची नाणेफेक कुणी जिंकली ते लिहिलं.